उघडिपीत थांबले, पावसात निघाले : केप कॉशनच्या एका फेरीचं प्रकरण

व्हँकुव्हर बेट सुमारे ४६० किलोमीटर लांब आहे आणि ते कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याला जवळजवळ समांतर पसरलं आहे. त्यामुळे बेटाच्या आतल्या अंगाने उत्तरेला जाणाऱ्या लहान होड्यांना पॅसिफिक महासागराचा खरा जोर लागत नाही. बेटाच्या उत्तर टोकाशी पोर्ट हार्डी हे गाव आहे. तिथून पुढे कॅल्व्हर्ट बेटाचा आडोसा मिळेपर्यंत चाळीसेक सागरी मैलांचा टप्पा उघडा पडतो. दूरच्या वादळांतून निघालेल्या लांब लाटा अडवायला वाटेत काहीच नसतं. या टप्प्याच्या मधोमध मुख्य भूमीवर केप कॉशन हे भूशिर आहे. १७९२च्या ऑगस्टमध्ये जॉर्ज व्हँकुव्हरचं ‘डिस्कव्हरी’ जहाज याच भागातल्या सामुद्रधुनीत खडकावर चढलं होतं. आज उत्तरेला ग्रेट बेअर रेनफॉरेस्टच्या खाड्यांमध्ये जाणाऱ्या प्रत्येक शिडाच्या होडीला हा टप्पा ओलांडावाच लागतो.

हे प्रकरण त्या टप्प्यावरच्या एका निर्णयाचं आहे. निर्णय घेणारं जोडपं बडोद्यातल्या दांडिया बाजारचं, म्हणजे माझे मामा आणि मामी. त्यांची प्रवासाची वही मी पानन् पान वाचली आहे. तिच्यात दोघांची अक्षरं आहेत आणि एकाच दिवसाच्या दोघांनी केलेल्या नोंदी काही ठिकाणी जुळत नाहीत. ज्या ठिकाणी त्या जुळत नाहीत तिथेच शिकण्यासारखं जास्त आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. साठीच्या आसपासची मराठी जोडपी हल्ली अशा प्रवासाचा विचार करू लागली आहेत आणि त्यांच्या हातात येतात ती बहुतेक सुंदर छायाचित्रंच असतात.

जोडपं आणि बेत

मामा रसायन कारखान्याच्या देखभाल विभागातून निवृत्त झाले. पंप, व्हॉल्व्ह, इंजिन यांच्याशी त्यांचं आयुष्यभराचं नातं. मामींनी मराठी शाळेत गणित शिकवलं. शिडाची होडी चालवायला दोघंही पन्नाशीनंतर मुंबईच्या बंदरात शिकले. शनिवार-रविवारी रात्रीच्या गाडीने जायचं आणि सोमवारी पहाटे बडोद्याला उतरायचं असा त्यांचा क्रम होता. मुलगी कॅनडात व्हिक्टोरियाला असते. तिच्याकडे राहून दोघांनी तिथल्या किनाऱ्यावरचा अभ्यासक्रम पुरा केला, त्यात भरती-ओहोटीचे प्रवाह, रडार आणि रेडिओ शिकले. मग पुढच्या उन्हाळ्यासाठी चौतीस फुटांची होडी भाड्याने ठरवली. डिझेल इंजिन, रडार, डिझेलवरची शेगडी, साठ मीटरहून जास्त साखळी आणि भक्कम नांगर असलेली ही होडी होती.

बेत असा होता : सेमूर नॅरोज ओलांडून जॉनस्टोन सामुद्रधुनीतून पोर्ट हार्डी गाठायचं, मग केप कॉशन, फिट्झ ह्यू साउंड, नामू, बेला बेला, ओशन फॉल्स आणि जमलं तर क्लेमटू. सगळं जुलै-ऑगस्टमध्ये. होडी परत करायची तारीख ठरलेली होती आणि त्यानंतर तिसऱ्याच दिवशी परतीचं विमान होतं. या तिकिटाने पुढे केलेला त्रास मला वाऱ्यापेक्षा मोठा वाटतो.

निघण्याआधीच्या हिवाळ्यात, जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरून, मामींनी एक नियम मांडला. उघड्या पाण्यात जायचं असेल तर दोघांचा होकार हवा. एकाने नाही म्हटलं की त्या दिवशी निघायचं नाही. ‘नाही’चं कारण द्यायची सक्ती नाही, आणि दुसऱ्याने त्यावर त्या दिवशी वाद घालायचा नाही. मामांनी मान्य केलं. त्यामागे एक साधा हिशोब होता. दोघांच्या होडीवर एक झोपलेला असला की दुसरा एकटाच असतो. एक पाण्यात पडला तरीही दुसरा एकटाच उरतो आणि शिडं उतरवून, होडी वळवून, ओल्या माणसाला वर घेणं त्याच्या एकट्याच्या अंगावर येतं. तिथलं पाणी भर उन्हाळ्यातही दहा अंशांच्या आसपास असतं. अशा पाण्यात काही मिनिटांतच हात कामातून जातात. म्हणून जो कमी तयार आहे त्याच्या तयारीवर निर्णय व्हायला हवा, असं मामींचं म्हणणं होतं.

अडचण कुठे होती

आम्हा बडोदेकरांच्या मनात पाऊस आणि धोका यांची जोडी पक्की बसलेली आहे. विश्वामित्रीचं पाणी २०१९च्या जुलैअखेर आणि पुन्हा २०२४च्या ऑगस्टमध्ये शहरात शिरलं, मगरी रस्त्यावर आल्या, तळमजले बुडाले. आभाळ काळं झालं की सामान वर न्यायचं आणि ऊन पडलं की जीव भांड्यात पडायचा. मुंबईच्या बंदरातही तेच : पावसाळ्यात शिडाच्या होड्या बंद, आकाश निवळलं की सुरू. मामांच्या शरीरात हे ज्ञान मुरलेलं होतं आणि इथल्या मातीत ते खरंही आहे.

त्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात बऱ्याचदा याच्या उलट घडतं. उन्हाळ्यात उत्तर पॅसिफिकवर उच्च दाबाचा मोठा प्रदेश ठाण मांडतो. त्याने आकाश निळं होतं, जमीन तापते, आणि समुद्र व जमीन यांच्या दाबातला फरक वाढत जाऊन वायव्येचा वारा दुपारपर्यंत जोर धरतो. किनाऱ्याची ठेवण वायव्य-आग्नेय असल्याने हा वारा किनाऱ्याला धरून, उत्तरेला निघालेल्या होडीच्या थेट तोंडावर येतो. कमी दाबाचं क्षेत्र सरकत आलं की त्याच्या पुढे आग्नेयेचा वारा आणि रिमझिम येते. क्षेत्र दुबळं असेल तर हा वारा बेताचाच असतो आणि उत्तरेकडे निघालेल्याच्या पाठीवर असतो. क्षेत्र खोल असेल तर मात्र हाच आग्नेय वारा ऑगस्टमध्येसुद्धा वादळी होऊ शकतो. म्हणजे ऊन किंवा पाऊस पाहून काहीच ठरत नाही. वायुभार किती वेगाने पडतो आहे ते पाहावं लागतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. मुख्य भूमीत खोल शिरलेल्या सेमूर आणि बेलीझ या खाड्यांचं सगळं पाणी नाक्वाक्टो नावाच्या अरुंद दारातून आत-बाहेर करतं. तिथला प्रवाह १४ नॉटांच्या, म्हणजे ताशी सुमारे २६ किलोमीटरच्या, वर जातो आणि जगातल्या सर्वांत वेगवान भरती-प्रवाहांत तो मोजला जातो. दाराच्या मधोमध एक लहानसं खडकाळ बेट आहे. प्रवाह ऐन जोरात असताना ते थरथरतं असं खलाशी सांगतात, आणि तिथवर पोचलेल्या होड्यांच्या नावांच्या पाट्या तिथल्या झाडांवर ठोकलेल्या असतात. ओहोटीचं हे पाणी स्लिंग्जबी चॅनेलमधून उघड्या समुद्रात पडतं. समोरून पॅसिफिकच्या लांब लाटा येत असल्या आणि त्यांच्या विरुद्ध असा प्रवाह धावला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. चौतीस फुटांच्या होडीला ते पाणी मोडून टाकणारं असतं. केप कॉशनला जाताना या मुखासमोरूनच जावं लागतं.

भरतीचं बळ बडोदेकरांना अनोळखी नाही. जंबुसर तालुक्यातल्या कावी-कंबोईला स्तंभेश्वराचं देऊळ भरतीत बुडतं आणि ओहोटीत उघडं पडतं. लहानपणी आम्हा सगळ्या भावंडांना मामांनीच ते दाखवलं होतं. मामींना कोकणातलं गणितही ठाऊक होतं : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पण ब्रिटिश कोलंबियाच्या, म्हणजे कॅनडाच्या या पश्चिमेकडच्या प्रांताच्या, किनाऱ्यावर दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, आणि अरुंद दारातला प्रवाह कधी उलटेल हे किनाऱ्यावरच्या भरतीशी जुळत नाही. तिथे छापील प्रवाह-कोष्टकाला पर्याय नाही. रोज वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, एवढं मात्र तिथेही खरं होतं, आणि या प्रकरणात नेमकं तेच उपयोगी पडलं.

माइल्स इनलेटमधले दिवस

पोर्ट हार्डीहून सामुद्रधुनी ओलांडून दोघं ब्रॅमहॅम बेटावरच्या माइल्स इनलेटमध्ये शिरले. ही अरुंद खाच आत जाऊन दोन्ही बाजूंना फाटते आणि फाट्यावर नांगर टाकला की बाहेरचा समुद्र ऐकू येतो, पण लाट आत येत नाही. स्लिंग्जबीचं मुख इथून जवळच. इथून निघालं तर उघडा टप्पा पंचवीस-तीस मैलांवर येतो, म्हणून मामींनी ही जागा निवडली होती. पोर्ट हार्डीहून एका दमात जाण्यापेक्षा ही निवड मला फार शहाणपणाची वाटते. संध्याकाळचा थकवा आणि उघडं पाणी त्यांनी एका दिवसात येऊ दिलं नाही.

पहिले दोन दिवस झिमझिम पाऊस. वारा जवळजवळ नाही, पण धुकं इतकं की खाचेचं तोंड दिसेना. निघाले नाहीत. तिसऱ्या दिवशी पहाटे आकाश लख्ख. झाडांवरून पाणी निथळत होतं, पूर्वेला डोंगर दिसत होते. मामांनी इंजिन तपासून ठेवलं, शिडाचं आवरण काढलं.

मामींनी रेडिओ लावला. तिथे हवामानाचा अंदाज चोवीस तास एकसुरी आवाजात सुरू असतो. मॅकिनिस आयलंड ते पाइन आयलंड या विभागासाठी वायव्येचा २० ते ३० नॉट वारा आणि जोरदार वाऱ्याचा इशारा. ३० नॉट म्हणजे ताशी पंचावन्न किलोमीटर. एग आयलंडच्या दीपगृहावर अजूनही माणसं राहतात, त्यांची पहाटेची नोंद सौम्य होती : वारा बारा नॉट, बारीक लाटा. उलट, बाहेरच्या समुद्रातल्या वेस्ट सी ऑटर बोयावर, म्हणजे वारा आणि लाटा मोजणाऱ्या तरंगत्या यंत्रावर, लाटा अडीच मीटरच्या होत्या आणि त्यांच्यातलं अंतर कमी होत चाललं होतं.

वहीत हा संवाद मामींच्या अक्षरात आहे.

“अगं, आकाश बघ की! असा दिवस परत मिळायचा नाही. आत्ता निघालो तर वारा वाढायच्या आत पोचू.”

“अहो, आकाश नका बघू, बोया बघा.”

“दीपगृहावर बाराच नॉट आहे.”

“पहाटे आहे. आणि स्लिंग्जबीची ओहोटी सुरू झालीय. अकरापर्यंत चालणार ती. माझं नाही.”

मामांच्या अक्षरात त्याच दिवशी एवढंच : “निघालो नाही. आकाश स्वच्छ. दिवस वाया.”

त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. पहाटेच्या शांत वेळेचा फायदा घेऊन केप ओलांडणारे पुष्कळ आहेत आणि नेहमीच्या सल्ल्यातही तसं सांगितलेलं असतं. पण त्या दिवशी ती शांत वेळ आणि ओहोटी एकाच वेळी येत होती. ओहोटी चुकवायला अकरापर्यंत थांबलं असतं तर पुढे भर दुपारचा वारा तोंडावर आला असता. वेगवेगळं पाहिलं तर दोन्ही गोष्टी निभावण्यासारख्या होत्या. एकत्र पाहिल्यावर त्या दिवसाला दारच उरत नव्हतं. गणित शिकवणाऱ्या बाईला हे चटकन दिसलं, आणि इंजिनाच्या माणसाला तयार इंजिन दिसत होतं. दुपारी खाचेच्या तोंडापर्यंत रबरी होडीतून जाऊन मामांनी बाहेर पाहिलं. त्यांनी वहीत पुढे जोडलेली ओळ आहे : “बाहेर पांढरं.”

नियमाचं खरं काम त्या सकाळी झालं. मामींकडे कारणं होती, पण मामांना त्या क्षणी ती पटली नव्हती. पटेपर्यंत बोलत बसायचं असतं तर तारीख, तिकीट, वाया गेलेले दोन दिवस हे सगळं त्या बोलण्यात शिरलं असतं आणि बहुधा तेच जिंकलं असतं. थकलेली, ओली, अरुंद जागेत राहणारी दोन माणसं पहाटे साडेचारला नीट विचार करतील यावर मी भरवसा ठेवणार नाही. बडोद्यात, कोरड्या खोलीत घेतलेला निर्णय इथे वापरायला मिळाला.

चौथा दिवसही वायव्येचाच गेला. त्या संध्याकाळी वायुभारमापक हळूहळू उतरू लागला. मामी दर तीन तासांनी आकडा लिहीत होत्या. घसरण तीन तासांत एक हेक्टोपास्कलच्या आसपास, म्हणजे येणारं क्षेत्र दुबळं. अंदाज असा : आग्नेयेचा वारा ५ ते १५ नॉट, उद्या रात्री उशिरा वाढून २० ते २५, पाऊस. दोन दिवसांत प्रवाहाची वेळ दीड तासाहून जास्त पुढे सरकली होती, त्यामुळे पाचला निघालं तर स्लिंग्जबीचं मुख ओहोटी सुरू होण्याआधीच मागे पडणार होतं. धुक्याऐवजी ढग उंच होते आणि दोन-तीन मैल दिसत होतं.

यावेळी कचरत होते मामा. पाऊस पडतोय, वारा वाढणार असं रेडिओ सांगतोय आणि आपण उघड्या समुद्रात निघायचं, हे त्यांच्या मनाला पटेना. नियमाप्रमाणे त्यांना ‘नाही’ म्हणता आलं असतं. त्यांनी तसं न म्हणता कोष्टक मागून घेतलं, आकडे स्वतः पुन्हा मांडले, वेग साडेपाच नॉट धरून पोचायची वेळ काढली, आणि वारा दिलेल्या वेळेच्या बराच आधी, वाटेतच वाढला तर कुठे परत वळायचं ती खूण नकाशावर केली. मग होकार दिला. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत मोलाची कृती हीच. भीती होती, तिला त्यांनी हिशोबाच्या कामाला लावलं.

पहाटे पाचला पावसात निघाले. दोघांच्याही अंगावर लाइफ जॅकेट, कमरेचे पट्टे होडीला अडकवलेले. स्लिंग्जबीसमोर पाणी संथ होतं. केपपाशी लांब लाटा होत्या, पण गोल आणि मागून येणाऱ्या वाऱ्याखाली सपाट. मोठं शीड आणि थोडं इंजिन. वाटेत पाण्यात उभे तरंगणारे लाकडाचे ओंडके चुकवायला एकजण सतत पुढे नजर लावून होता. तोडलेल्या झाडांचे हे ओंडके त्या किनाऱ्यावरचा रोजचा धोका आहेत आणि रडारवर ते दिसत नाहीत. अकराच्या आत केपच्या पलीकडच्या फ्युरी कोव्ह या आडोशाच्या खाडीत नांगर पडला. समोर शिंपल्यांच्या चुऱ्याची पांढरी पुळण. ते शिंपले तिथल्या मूळ रहिवाशांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या जेवणांतून साठलेले आहेत. रात्री वारा वाढला, मामा दोनदा उठून साखळी पाहून आले.

पुढचा पाऊस

इथून पुढच्या आडोशाच्या पाण्यात समुद्राची भीती गेली आणि ओलीचा त्रास सुरू झाला. ओशन फॉल्सला वर्षाला सुमारे ४,४०० मिलिमीटर पाऊस पडतो, बडोद्याच्या चौपटीहून जास्त. महाबळेश्वरला याहून अधिक पडतो, पण तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. ओशन फॉल्सला मोठा पाऊस शरद-हिवाळ्यात असतो आणि उन्हाळाही पुरता कोरडा होत नाही. पॅसिफिकवरून आलेली दमट हवा सरळ किनारपट्टीच्या डोंगरांवर चढते आणि थंड होऊन पाणी सोडते. होडीत स्वयंपाक केला की आतल्या छताला पाणी सुटायचं. खिचडीच्या कुकरची एक शिट्टी झाली की खिडक्या पुसायच्या. मामींनी ओले कपडे जिन्याच्या खाली न्यायला बंदी केली, गाद्या रोज उभ्या करायला लावल्या आणि शेगडी सकाळ-संध्याकाळ पेटती ठेवली. हे बारीक वाटतं, पण ओल्या अंथरुणात काही रात्री काढल्यावर माणूस घाईने निर्णय घेतो, आणि घाई तिथे परवडत नाही.

ओशन फॉल्सचा कागद कारखाना १९८० साली बंद पडला, हजारोंचं गाव मूठभरांवर आलं. धरण मात्र चालू आहे आणि बेला बेलाला वीज तिथूनच जाते. मामा त्या धरणात रमले. तरीही सलग पावसाने तेच आधी खचले. क्लेमटूला जायचा विषय निघाला तेव्हा त्यांनी ‘नाही’ म्हटलं. मामींना तिथून जवळच्या प्रिन्सेस रॉयल बेटाचा किनारा पाहायचा होता, जिथल्या काळ्या अस्वलांपैकी काही पांढरे केस घेऊन जन्मतात. वर्षभर त्या त्याबद्दल वाचत होत्या. नियम होता, त्या गप्प बसल्या. त्या दिवसाच्या त्यांच्या नोंदीत फक्त वायुभाराचे आकडे आहेत.

इथे मला नियमात दोष दिसतो. क्लेमटूचा रस्ता बराचसा आडोशाचा. तिथे एकाच्या नकाराने दुसऱ्याची वर्षभराची ओढ संपावी इतका धोका नव्हता. उघड्या पाण्यासाठी केलेला नियम कंटाळ्यालाही लागू पडला, कारण तो कुठे थांबतो हे टेबलावर ठरलंच नव्हतं. शिवाय परतीच्या तिकिटाने मामांच्या नकाराला बळ दिलं. बेला बेलाला दोन कोरडे दिवस विश्रांती घेऊन पुन्हा विचारता आलं असतं, पण हातात तेवढे दिवस नव्हते.

परतताना ऑगस्टचं दाट धुकं होतं. एक दिवस थांबून, रडारवर आणि अलास्काकडे जाणाऱ्या मोठ्या जहाजांच्या रेडिओवर लक्ष ठेवून त्यांनी केप ओलांडला. जॉनस्टोनमध्ये वारा पाठीवर मिळाला. होडी वेळेत परत गेली.

आता दांडिया बाजारात पुन्हा नकाशे निघाले आहेत. मामींनी नियम बदलून लिहिला आहे : जिथे वाटेत आडोसा नाही तिथेच एकाचा नकार पुरेसा, आडोशाच्या पाण्यात नकार आला तर एक रात्र जाऊ द्यायची आणि सकाळी पुन्हा विचारायचं. मामांना यातला ‘सकाळी’ मान्य नाही, त्यांना कोरडे कपडे मिळाल्यानंतर हवं आहे. होडी या खेपेला उत्तरेकडच्या बंदरातून घ्यायची, म्हणजे सुरुवातीचा आठवडा वाचेल, आणि ती परत केल्यानंतर विमानापर्यंत पुरता आठवडा मोकळा ठेवायचा, यावर मात्र दोघांचं एकमत आहे. क्लेमटू यादीत सगळ्यात वर आहे.